मुलांचे इसब आणि आपला सावळा रंग



सँडरिंगहॅम रोडवर भाजी घेताना दोन मराठी आया भेटल्या की मुलांच्या खाजेचा विषय हमखास निघतो. एक म्हणते घामोळे असेल, दुसरी म्हणते अंगात उष्णता आहे. पुण्याला फोन लावला की आजी सांगतात, जंत झाले असतील. या सगळ्यात 'इसब' हा शब्द यायला बराच काळ जातो. आम्ही डॉक्टर नाही, संगणकवाले आहोत. पण उशीर का होतो याचा विचार आपण सगळेच करू शकतो.

कारण पैसा नसावे. डिसेंबर २०१८ पासून इथे बहुतेक फॅमिली डॉक्टर आपल्याकडे नोंदणी असलेल्या १४ वर्षांखालील मुलांना फुकट तपासतात. अडचण वेगळी आहे. इसब आहे की नाही हे ठरवणारी रक्ताची चाचणी नाही. डॉक्टर कातडी पाहतात आणि आपण सांगू ते ऐकतात. १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये ठरलेले निकषही असेच आहेत. वर्षभरात खाज सुटलेली हवीच. शिवाय कोपर-गुडघ्यांच्या खोबणीत पूर्वी त्रास झालेला असणे, तिथे आत्ता चट्टे दिसणे, सगळे अंग कोरडे असणे, दोन वर्षांच्या आत सुरुवात झालेली असणे आणि दमा किंवा परागकणांची ॲलर्जी असणे, यांपैकी किमान तीन गोष्टी हव्यात. चार वर्षांखालील मुलांत आई-वडील किंवा भावंडांची ॲलर्जी विचारतात आणि गाल, कपाळ, हातापायांची बाहेरची बाजूही पाहतात.

आता मेख इथे आहे. 'लाल चट्टे' हे वर्णन गोऱ्या मुलांवरून आलेले आहे. आपल्या मुलांच्या अंगावर तेच चट्टे राखाडी, जांभळट किंवा गडद तपकिरी दिसतात, कधी नुसते खरखरीत बारीक पुरळ असते. त्यामुळे दुखणे आहे त्यापेक्षा सौम्य वाटू शकते. गालावर फिकट डाग पडले की आपण जंत किंवा कोड समजून घाबरतो, पण ते बऱ्याचदा सौम्य इसबाचेच असतात. १९९६ मध्ये न्यूझीलंडमध्येच सुरू झालेल्या डर्मनेट या संकेतस्थळावर सावळ्या त्वचेचेही फोटो आहेत, ते जरूर पाहावेत.

प्रत्येक खाज इसबच असते असेही नाही. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यात पुरळ आहे आणि घरातले इतरही खाजवतात, तर खरूज असू शकते. गोल कडा असलेला चट्टा नायटा असू शकतो. भारतातून येताना आणलेले स्टिरॉइडचे मलम नायट्यावर लावले तर खाज थांबते, रूप बदलते आणि नायटा आत पसरत राहतो. मग डॉक्टरांनाही ओळखणे कठीण जाते. मात्र तपासून डॉक्टरांनी दिलेल्या स्टिरॉइडच्या मलमाला घाबरून ते टाळणे हीदेखील चूकच.

सिडनीची घटना आठवावी. मे २००२ मध्ये एका भारतीय कुटुंबातली नऊ महिन्यांची मुलगी इसबातून झालेल्या जंतुसंसर्गाने दगावली. इसब चौथ्या महिन्यातच ओळखले गेले होते. वडील होमिओपॅथ होते आणि घरचाच उपचार चालू राहिला. २००९ मध्ये न्यायालयाने आई-वडील दोघांनाही सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवले. म्हणजे रोगाचे नाव कळणे ही फक्त पहिली पायरी. तो बिघडतो आहे हेही ओळखता यायला हवे. पिवळी खपली, पाणी गळणे, ताप, दुखणारे बारीक फोड यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रात्री-अपरात्री हेल्थलाइनचा फुकट क्रमांक ०८०० ६११ ११६ आहे.

डॉक्टरकडे जाताना एवढे करा. खाज केव्हापासून, झोप मोडते का, घरात कुणाला दमा आहे का, काय काय लावले, हे कागदावर लिहून न्या. भारतातले मलमही लपवू नका, ट्यूबच घेऊन जा. आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "आमच्या रंगाच्या कातडीवर हे असेच दिसते का?" यात संकोच कसला?