तुलना कोणाची, कोणाशी?

जागतिक संस्कृतींच्या तौलनिक अभ्यासाचे प्रमाणपत्र द्यायचे, तर विद्यापीठाने अटी कोणत्या घालाव्यात? अमुक तास, अमुक निबंध, एक परकी भाषा. एवढ्याने भागेल काय?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९८० पासून प्रथम वर्षाला 'पाश्चात्त्य संस्कृती' हा विषय सक्तीचा होता. विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध आवाज उठविला आणि १९८८ साली प्राध्यापकांनी अट बदलली : निदान एका युरोपबाह्य संस्कृतीचा अभ्यास झालाच पाहिजे!

हा बदल मोलाचा खरा. पण मला तो अपुरा वाटतो. आपली स्वतःची संस्कृती आपण गृहीतच धरतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या आजीला अक्षरओळख नाही, पण जात्यावरच्या ओव्या तोंडपाठ आहेत. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून अशा लाखभर ओव्या जमविल्या. होमरच्या काव्यामागेही मौखिक परंपराच आहे ना? मग त्याच्या शेजारी आजीची ओवी का नको?

म्हणून मी एक अट सुचविते : एक संस्कृती ग्रंथांतून अभ्यासावी, दुसरी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकून लिहून काढावी. त्याशिवाय तुलना कसली? ती नुसती घोकंपट्टी!