गणित फळ्यावरून चावडीवर यायला हवे

नांदेडचा मोंढा असो की लातूरचा, सोयाबीनचे माप झाले आणि आडत्याने पट्टी दिली, की ती घडी घालून खिशात टाकायची आपली सवय. आकडे बरोबरच असतील म्हणायचे नि एस.टी. गाठायची. घरी मात्र पोराला धाक : गणितात मार्क काढ! या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे काही ध्यानात येत नाही.

लातूर पॅटर्नचे नाव राज्यभर झाले ते गुणांमुळे. मार्क हवेतच, त्यात वाद नाही. पण नुसत्या मार्कांसाठी घोकलेले गणित परीक्षेबरोबर संपते. पट्टी तपासायला आणि पाणी मोजायला लागणारे गणित गावात टिकले पाहिजे.

उदाहरण बघा. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के. तुमच्या मालात १५ टक्के निघाला, तर क्विंटलमागे वजन किती कमी धरायचे? पुष्कळजण ३ किलो म्हणतील. पण १०० किलोत १५ किलो पाणी, म्हणजे कोरडा माल ८५ किलो. माल १२ टक्क्यांवर वाळला, की हेच ८५ किलो एकूण वजनाच्या ८८ टक्के होतात. ८५ ला ८८ ने भागा, १०० ने गुणा, आले ९६.६ किलो. खरी घट ३.४ किलो. ओलाव्यापोटी याहून जास्त कडता कापला, तर 'कशाचा?' असे विचारता येते. तेवढाच कापला, तर आडत्यावर उगाच संशयही राहत नाही. हिशेब आहे शाळेतल्या शेकडेवारीचाच.

आता पाण्याचे घ्या. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला १० वाघिणी, पाणी सुमारे ५ लाख लिटर. १ हेक्टर रानावर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर १० हजार लिटर पाणी होते. ५० मिलिमीटर पडला, तर ५ लाख लिटर. म्हणजे एका दमदार पावसात त्या गाडीइतके पाणी तुमच्या एका हेक्टरावर पडते! त्यातले मुरले किती, ओढ्याला गेले किती, हा प्रश्न मग आपोआप सुचतो. बांधबंदिस्तीवरच्या दहा भाषणांनी तो सुचत नाही.

२२ डिसेंबर हा रामानुजन यांचा जन्मदिवस २०१२ पासून राष्ट्रीय गणित दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी फोटोला हार घालून थांबू नका. शाळा व्यवस्थापन समितीने पालकांना बोलवावे. मुलांनी घरच्या पट्ट्या फळ्यावर तपासाव्यात. टेप धरून मैदान मोजावे : ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा. आनंदनगरीत भज्यांची विक्री होते, तिचा नफा-तोटाही मुलांनीच मांडावा. पावसाळ्यात सरळ बाजूच्या डब्याने पाऊस मोजून आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा.

गणितात गंमतही आहे. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी ६१७४ ही संख्या जगाला दाखवली. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, समजा ४३१२. अंक उतरते आणि चढते लावून वजा करा : ४३२१ वजा १२३४, उरले ३०८७. पुन्हा तसेच केले की ८३५२. आणखी एकदा, ६१७४. कोणतीही घ्या, जास्तीत जास्त सात वेळा वजाबाकी केली की तिथेच येता. ग्रामसभेआधी करून पाहा, म्हातारी माणसेही पाटी मागतील.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात गणिताचे स्वतंत्र संकुल आहे. सरपंच, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी तिथल्या विद्यार्थ्यांना वर्षातून एकदा गावात बोलवावे. खर्च चहापाण्याचा.

तोवर एवढे करा. पुढची पट्टी खिशात घालण्याआधी पोरीच्या नाहीतर पोराच्या हातात द्या, आणि म्हणा, 'जरा बघ गं, बरोबर आहे का.'