हर्सूलचा तलाव हाच वर्ग

हर्सूल म्हटलं की छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला आधी कारागृह आठवतं, मग हरसिद्धी मातेचं मंदिर आणि अजिंठ्याकडे जाणारा रस्ता. तलावाची आठवण होते ती पावसाळ्यात. सांडव्यावरून पाणी पडू लागलं की फोटो छापून येतात, बघ्यांची गर्दी होते आणि आठवडाभरात विषय मागे पडतो. उरलेलं वर्षभर या तलावाकडे बघायला कुणी नसतं. इथून काही किलोमीटरवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे, तिथे पर्यावरणशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे आणि शहरातल्या प्रत्येक महाविद्यालयात पर्यावरणाचा पेपर सक्तीचा आहे. तलाव आणि पेपर यांची गाठ मात्र क्वचितच पडते.

हा पेपर विद्यापीठांनी आपणहून आणला नाही, न्यायालयाने आणला. पर्यावरणवादी वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 1991 मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर सक्तीचा करायला सांगितलं. अंमलबजावणी रेंगाळली, न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं, तेव्हा कुठे विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सगळ्या शाखांच्या पदवीला लागू झाला. त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं पुण्याच्या डॉ. एरक भरुचा यांनी. व्यवसायाने शल्यचिकित्सक, मनाने रानात रमणारा माणूस. त्या अभ्यासक्रमात एकूण 50 तासिका होत्या आणि त्यातल्या 5 क्षेत्रकार्याला दिल्या होत्या. नदी, टेकडी किंवा गवताळ रान बघा, एखादी प्रदूषित जागा बघा, साधी झाडं, कीटक, पक्षी ओळखा, तळ्याची परिसंस्था समजून घ्या, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. पाच तासांत हे सगळं! पुढे काय झालं ते प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत आहे. ‘ईव्हीएस’चा प्रोजेक्ट झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळू लागला, आणि ज्या जागेबद्दल तो लिहिलेला असतो तिथे पाऊल न टाकताही त्याला गुण मिळू लागले.

जगात काही ठिकाणी याच्या अगदी उलट टोकापासून सुरुवात झाली आहे. अमेरिकेत बोल्डर इथे 1974 साली सुरू झालेल्या नारोपा संस्थेने बौद्ध ध्यानपरंपरेचा आधार घेत पर्यावरणासह अनेक विषय शिकवले. टेनेसी राज्यातल्या सिवानी इथले जीवशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड हॅस्केल यांनी जंगलात सुमारे एक मीटर रुंदीचं वर्तुळ निवडलं आणि वर्षभर त्याच जागी येऊन बसत राहिले. हातात भिंग आणि वही. काही उपटायचं नाही, काही हलवायचं नाही, फक्त बघायचं आणि ऐकायचं. ही कल्पना त्यांना तिबेटी भिक्षूंच्या वाळूच्या मंडलावरून सुचली. त्यातून 2012 मध्ये ‘द फॉरेस्ट अनसीन’ हे पुस्तक आलं, आणि ते विज्ञानाचंच पुस्तक आहे. गोगलगाय, शेवाळ, बुरशी, पानगळ यांच्यामागचं शास्त्र त्यात ठासून भरलेलं आहे. आपल्याकडेही दुर्गाबाई भागवतांनी 1956 मध्ये ‘ऋतुचक्र’मध्ये बारा महिन्यांचा निसर्ग महिन्यामागून महिना टिपला. मराठीच्या वर्गात ते पुस्तक वाचलं जातं. पर्यावरणाच्या वर्गात ते कुणी उघडत नाही.

एका जागी बसून बघण्याची, चिंतनाची ही रीत संभाजीनगरला परकी मुळीच नाही. विद्यापीठाच्या पाठीशी जो डोंगर आहे, त्याच्या कुशीत औरंगाबादची बौद्ध लेणी आहेत. सातव्या लेण्यात संकटांतून तारणारा अवलोकितेश्वर कोरला आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना आग, बुडणारी नाव, साप, हत्ती अशी भयं आहेत. तिसऱ्या लेण्यात गुडघे टेकून बुद्धाकडे एकटक बघणारे भक्त जवळजवळ माणसाच्या उंचीचे आहेत. या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या परंपरेत वर्षावासाचा नियम होता. पावसाळ्यात फिरायचं नाही, एका जागी राहायचं. विनय या भिक्षूंच्या नियमग्रंथात त्याचं जे कारण येतं ते आजच्या पर्यावरणाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावं: पावसात उगवलेलं हिरवं आणि बारीक जीवजंतू पायाखाली तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार होती. म्हणजे एका जागी थांबणं, लक्ष देणं आणि इजा न करणं या तिन्ही गोष्टी एकाच नियमात आल्या. डॉ. आंबेडकरांनी 1950 मध्ये या शहरात महाविद्यालय काढलं आणि त्याला मिलिंद हे नाव मिळालं. प्रश्न विचारणाऱ्या राजाचं नाव. परिसर झाला नागसेनवन, उत्तर देणाऱ्या भिक्षूचा. ज्या गावाच्या शिक्षणाला असा वारसा आहे, तिथे चिंतन म्हणजे डोळे मिटून प्रश्न टाळणं, असा गैरसमज व्हायला नको.

हर्सूलला तर डोळे मिटून बसताच येणार नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकी, म्हणजे आजचं हेच शहर, वसवली, तेव्हा हर्सूल-सावंगीकडच्या टेकड्यांत मुरणारं पाणी जमिनीखालच्या नहरीतून गावात आणलं. जमिनीचा उतार, झिरपा, खडक यांची ओळख झाल्याशिवाय नहर-ए-अंबरी शक्यच नव्हती. आणि अशी ओळख वर्षानुवर्षं बघूनच होते. याच टेकड्यांकडून खाम नदी येते, हर्सूलच्या तलावात थांबते आणि पुढे शहरात शिरते. शहरातून ती सांडपाणी घेऊन गोदावरीकडे, नाथसागराकडे जाते. शहराचं पिण्याचं पाणी येतं ते त्याच नाथसागरातून, आणि तेही कित्येक वस्त्यांना काही दिवसांआड. हे वर्तुळ तलावापासून नदीकाठाने चालत गेलेला विद्यार्थी जन्मभर विसरणार नाही. 2018 मध्ये नारेगावकरांनी आपल्याकडे शहराचा कचरा टाकू द्यायला नकार दिला आणि शहर कोंडलं. त्यानंतर कचरा प्रक्रियेच्या जागांमध्ये हर्सूलचंही नाव आलं. त्या कचऱ्याजवळ शांत बसून त्यात काय आहे, तो कुठून आला, तो वेगळा करणारे हात कुणाचे आहेत हे बघणं हासुद्धा चिंतनाचाच धडा आहे. फक्त पाखरं आणि सूर्यास्त बघायला शिकवणारं चिंतन मराठवाड्याच्या कामाचं नाही.

अशा चिंतनाने अभ्यासात भावनाच भरतील, आकडे हरवतील, अशी शंका काही प्राध्यापकांना येते. ती गैर आहे. पाण्यातल्या ऑक्सिजनची मागणी प्रयोगशाळेत मोजायलाच हवी. पण नमुना कुठून घ्यायचा, कोणत्या महिन्यात घ्यायचा, मागच्या वेळेपेक्षा काय बदललं, हे त्या जागेशी परिचय असलेल्यालाच सुचतं. एकदाच घेतलेल्या नमुन्याचा आकडा बरोबर असूनही दिशाभूल करू शकतो. शांत बसायला सवड कुणाला आहे, ही दुसरी शंका मात्र खरी आहे. इथले पुष्कळ विद्यार्थी काम करून शिकतात, मुलींना आडबाजूला एकटं बसणं सुरक्षित वाटत नाही. म्हणून हे काम वेळापत्रकात, गटाने आणि शिक्षकांसोबत व्हायला हवं. बीड-जालन्याकडून आलेल्या ज्या मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात, त्यांनी विहिरीचा तळ आणि टँकरची रांग लहानपणापासून बघितली आहे. त्यांच्याजवळचं हे ज्ञान आजवर एकाही प्रश्नपत्रिकेने विचारलं नाही. निरीक्षणाच्या वहीत ते लिहायला जागा मिळाली, तर वर्गात पहिल्यांदा बोलणारी मुलं कदाचित तीच असतील.

2021 पासून महानगरपालिका, छावणी परिषद, वेरॉक कंपनी आणि इकोसत्त्व संस्था यांनी खामच्या पुनरुज्जीवनाचं काम हाती घेतलं. नदीकाठ साफ झाला, लोक तिथे येऊ लागले. या कामाला जोड हवी ती सलग नोंदींची, आणि त्या घेऊ शकणारे हजारो विद्यार्थी या शहरात आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पर्यावरणाचा अभ्यासक्रम पुन्हा बसवला गेला आहे, क्षेत्रकार्य त्यातही आहे. तेव्हा विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला कळकळीची विनंती आहे. येत्या जूनपासून प्रत्येक गटाला हर्सूल तलाव किंवा खामच्या काठावरची एक जागा वर्षभरासाठी द्या. दर पंधरा दिवसांनी तासभर तिथे बसणं आणि पाण्याची रेषा, फुलोरा, पाखरं, वास, कचरा, काठावर येणारी माणसं यांची वहीत हाताने नोंद करणं सक्तीचं करा. परीक्षेचे निम्मे गुण या वहीला द्या, आणि वर्ष संपल्यावर या वह्या रद्दीत न घालता विद्यापीठाच्या ग्रंथालयात तारखेवार जपा.