किल्ली कोणाच्या हाती?

डिंभे धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळच्या या गिरणी कामगाराने १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे प्राण दिले. परावलंबनाचा तोच प्रश्न आज संगणकाच्या रूपाने उभा आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. अनेक जुन्या संगणकांत ती नाही. म्हणजे यंत्र धडधाकट असूनही ते भंगारात काढावे, असा हा कंपनीचा हुकूम! जेथे धरणग्रस्तांचे सातबारे आणि आदिवासींचे दाखले संगणकावर अवलंबून आहेत, तेथे हा प्रश्न चैनीचा नव्हे. एकच पासवर्ड चौघांनी वापरला, तर खोट्या नोंदीचा जाब कोणाला विचारणार?

‘नवी यंत्रे घ्या’ हे उत्तर बाजाराचे झाले. लिनक्ससारखी मुक्त प्रणाली जुन्या यंत्रावरही चालते. प्रत्येकाचे स्वतंत्र खाते, दुहेरी ओळख-तपासणी आणि कूटबद्ध डिस्क या सोयी तीत विनामूल्य मिळतात. केरळने सरकारी शाळांत मुक्त प्रणालीचाच मार्ग पत्करला. परंतु सरकारी संकेतस्थळे आणि ठसे घेणारी यंत्रे तिच्यावर चालतील, ही हमी शासनानेच दिली पाहिजे. शिकवणारा माणूसही दिला पाहिजे.

कार्यकर्त्यांनी ग्रामसभांत तसे ठराव आणावेत. नोंदी लोकांच्या आहेत. त्यांच्या कुलपाची किल्लीही लोकांच्याच हाती हवी.