तिकिटाचे पैसे घरातूनच निघावेत

इथं परदेशात वाढलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीनं सांगितलं, ‘मला सुट्टीत लातूरकडच्या एखाद्या संस्थेत काम करायचंय, त्यासाठी पैसे जमवतेय,’ की आपण आईवडील हरखून जातो. मग एकतर चेक फाडतो, नाहीतर इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिच्या वतीनं आपणच आवाहन टाकतो. दोन्हींत मुलीला करण्यासारखं काही उरत नाही.

माझं म्हणणं असं, की विमानाचं तिकीट घरातून निघावं आणि लोकांकडून मागितलेला प्रत्येक डॉलर कामावर खर्च व्हावा. लातूरला गेल्यावर ती आजी-आजोबांनाही भेटणार, आत्याकडे चार दिवस राहणार. त्या प्रवासाचा भार शेजाऱ्यांवर कशासाठी? तिनं सुट्टीतल्या नोकरीतून कमवावं आणि जेवढे कमावले तेवढीच भर आपण घालावी.

देणगी मात्र तिनंच मागावी. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभारला, टिळकांनी त्याला पाठबळ दिलं आणि १९०८ साली तळेगावात त्यातून काचेचा कारखाना निघाला. एका धनिकाच्या थैलीपेक्षा हजार दारं ठोठावण्यात जे शिक्षण आहे, ते आपल्या मुलांनाही मिळू द्यावं. गणेशोत्सवात त्यांना वडापावचा स्टॉल लावायचा असेल तर बटाटे-बेसनाला पैसे उसने द्या आणि विक्रीतून परत घ्या. उरलेले वडे आपणच विकत घेऊन आकडा फुगवू नका. कुणी ‘नाही’ म्हटलं तर मध्ये पडू नका. जमाखर्च मुलांनीच लिहावा आणि मंडळाच्या सभेत उभं राहून वाचून दाखवावा.

याहून अवघड प्रश्न आहे तो कामाचा. काय हवंय ते कुणी ठरवायचं? आम्हा लातूरकरांना हा प्रश्न किल्लारीनं शिकवलाय. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपतीचं विसर्जन आटोपून लोक झोपले असताना भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसं गेली. जगभरातून मदत आली, ती मनापासूनच होती. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, त्यांतली कितीतरी देणगीदारांनी बांधून दिली. पण बऱ्याच ठिकाणी वस्त्या शहरातल्या कॉलनीसारख्या सरळ रेषेत आखल्या गेल्या. जनावरं कुठं बांधायची, कडबा कुठं रचायचा, जुना शेजार कसा टिकायचा, हे आखणाऱ्यांनी पुरेसं विचारलंच नाही. उलट जिथं पडझड झालेली घरं मालकांनीच दुरुस्त करायची होती, तिथं ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. त्या घराघरांत जाऊन योजना समजावत, बांधकामावर लक्ष ठेवत. गावाला विचारून केलेलं काम कसं असतं, ते मला तिथं दिसतं.

म्हणून पैसे मागायला सुरुवात करण्याआधी मुलीनं संस्थेला पत्र लिहावं, मराठीत. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी आपण ते नव्यानं लिहून देऊ नये. तुम्हाला माणूस हवाय का, कोणत्या कामाला, जूनच्या मध्यावर शाळा उघडल्यावर की आधी, हे तिनंच विचारावं. आपलं काम कागदपत्रांचं. परदेशी नागरिकाचा पैसा, ओसीआय कार्ड असलं तरी, भारतात परदेशी देणगीच ठरतो. तो घ्यायला संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीपासून तो आधी नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावा लागतो. देणगीची रोख रक्कम बॅगेत घालून मुलीला संस्थेकडे पाठवणं बेकायदाही आहे आणि संस्थेला अडचणीत आणणारंही. नोंदणी आहे का, हे आईवडिलांनी आधीच तपासावं.

संस्थेचं उत्तर कदाचित ‘पोरी, तू येऊ नकोस, त्यापेक्षा आमच्या वाचनालयाला मदत कर’ असंही येईल. तसं आलं तर जमलेले सगळे पैसे वाचनालयाला जावेत. तिकीट काढलेलं असेल तर तिनं खुशाल लातूरला जावं, आजोबांकडे राहावं आणि तो प्रवास सुट्टीचा म्हणूनच सांगावा.