फाइल वर जाते आपोआप. खाली आणायला घाम का फुटतो?

क्लाउडवर ठेवलेले फोटो आणि कागदपत्रे फोन, आयफोन व संगणकावर कशी उतरवायची, आणि ते इतके अवघड असायलाच हवे का, याचा हा लेखाजोखा.

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुटीत गावी गेल्यावर आजीकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेतल्या होत्या. फोन तिच्या मांडीवर ठेवला आणि ती म्हणत राहिली. चौदा रेकॉर्डिंग झाली. फोनमध्ये जागा नव्हती, माझे स्वतःचे खातेही भरत आले होते. म्हणून ती कॉलेजने दिलेल्या खात्यावर चढवली आणि फोनमधून काढून टाकली. ‘क्लाउडवर आहेत ना, जातात कुठे?’ असे तेव्हा वाटले.

पदवी मिळाली, नोकरी लागली. कॉलेजने माजी विद्यार्थ्यांची खाती बंद करण्याची सूचना पाठवली, पण ती त्याच खात्याच्या इनबॉक्समध्ये. नोकरी लागल्यावर कॉलेजचा ई-मेल कोण उघडतो? मी उघडला तेव्हा खाते उरलेच नव्हते. आता आजीही नाही.

यात कॉलेजची चूक आहे, तशी माझीही. पण त्यानंतर डिजिटल डेस्कवर काम करताना वाचकांचे जे प्रश्न येतात, त्यांवरून एक गोष्ट पक्की झाली आहे. क्लाउडवर फाइल ‘असणे’ आणि ती आपल्या हातात ‘असणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीकडून दुसरीकडे जाण्याचा रस्ता मुद्दाम असो वा नसो, खाचखळग्यांचा ठेवला गेला आहे.

‘ऑफलाइन’ म्हणजे डाउनलोड नव्हे?

नव्हे. सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. गूगल ड्राइव्हच्या ॲपमध्ये फाइलवर ‘ऑफलाइन उपलब्ध करा’ असा पर्याय असतो. तो निवडला की फाइल इंटरनेटशिवाय उघडते, पण केवळ त्या ॲपच्या आत. ॲप काढले किंवा खात्यातून बाहेर पडलात की ती प्रतही गेली. डाउनलोड केलेली फाइल मात्र फोनच्या साठ्यात स्वतंत्र राहते. ती पेनड्राइव्हवर घेता येते, दुसऱ्या ॲपमध्ये उघडता येते.

तिसरा शब्द ‘सिंक’. सिंक म्हणजे दोन्हीकडे एकच चित्र दिसणे. एका बाजूला पुसले की दुसऱ्या बाजूलाही पुसले जाते. गूगल फोटोज किंवा आयक्लाउडमध्ये ‘फोनमधून जागा करू या’ म्हणून फोटो डिलीट केले आणि ते क्लाउडवरूनही गेले, ही तक्रार यातूनच येते. अशा वेळी घाबरू नका. बॅकअप झालेले फोटो गूगल फोटोजच्या कचरापेटीत ६० दिवस राहतात. ड्राइव्हच्या आणि आयक्लाउड फोटोजच्या पेटीत ३० दिवस. तेवढ्यात परत आणता येतात.

अँड्रॉइड फोनवर फाइल जाते कुठे?

ड्राइव्ह ॲपमध्ये फाइलशेजारच्या तीन टिंबांवर टिचकी मारून ‘डाउनलोड’ निवडले, की ती फोनच्या ‘डाउनलोड्स’ फोल्डरमध्ये जाते. ‘डाउनलोड झाले म्हणते, पण दिसत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी गॅलरीऐवजी ‘फाइल्स’ ॲप उघडावे. गूगल फोटोजमध्ये डाउनलोडचा पर्यायच दिसत नसेल, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ तो फोटो फोनमध्ये आधीच आहे.

खरी अडचण आख्ख्या फोल्डरची. लग्नाच्या छायाचित्रकाराने ८०० फोटोंच्या फोल्डरची लिंक दिली, तर फोनवर फाइली निवडत बसण्यापेक्षा संगणक गाठणे सोयीचे पडते. ज्या देशात कोट्यवधी लोकांकडे फोन हाच एकमेव संगणक आहे, तिथे ही गोष्ट मला छोटी वाटत नाही.

आयफोनवर वेगळे काय?

ड्राइव्हमधील फोटो हवा असेल तर तीन टिंबे, ‘प्रत पाठवा’ आणि मग ‘इमेज सेव्ह करा’. कागदपत्र हवे असेल तर ‘यामध्ये उघडा’ आणि मग ‘फाइल्समध्ये सेव्ह करा’. इथे एक फसगत आहे. सेव्ह करताना जागा विचारली जाते. तिथे ‘आयक्लाउड ड्राइव्ह’ निवडलेत तर फाइल एका क्लाउडवरून उतरून दुसऱ्या क्लाउडवर चढते. फोनमध्येच हवी असेल तर ‘माझ्या आयफोनवर’ हे निवडा.

आयफोनच्या सेटिंगमध्ये फोटोंसाठी ‘साठा वाचवा’ हा पर्याय चालू असेल, तर मूळ मोठे फोटो आयक्लाउडवर असतात आणि जागा कमी पडू लागली की फोनमध्ये लहान आवृत्त्या ठेवल्या जातात. गॅलरीत सगळे दिसते, म्हणून सगळे फोनमध्ये आहे असे समजू नका. शिवाय आयफोनचे फोटो बहुधा ‘एचईआयसी’ प्रकारचे असतात आणि जुन्या विंडोज संगणकावर ते उघडतीलच असे नाही. आयक्लाउडच्या संकेतस्थळावरून उतरवताना ‘सर्वाधिक सुसंगत’ हा पर्याय निवडला की ते जेपीईजी होऊन येतात.

आणि संगणकावर?

संगणकावर फोल्डर निवडून डाउनलोड केले की त्याची झिप फाइल तयार होते. फोल्डर मोठा असेल तर अनेक झिप येतात. त्या सगळ्या उतरल्या का, आणि उघडल्यावर फाइलींची संख्या मूळ फोल्डरइतकी भरते का, हे मोजून पाहा. लग्नातले नेमके सप्तपदीचे फोटो राहिल्याचे वर्षभराने कळून उपयोग नसतो.

मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमध्ये फाइलशेजारी निळा ढग असेल तर ती फाइल संगणकात नाही, फक्त तिचे नाव आहे. हिरवी खूण असेल तरच ती आत आहे. तसेच संगणकावरच्या ड्राइव्ह फोल्डरमधून गूगल डॉक पेनड्राइव्हवर कॉपी केला, तर मजकूर जात नाही. जातो तो केवळ त्याचा पत्ता. अशी फाइल आधी वर्ड किंवा पीडीएफ स्वरूपात डाउनलोड करावी लागते. पेनड्राइव्ह घेऊन मुलाखतीला गेल्यावर हे समजलेले लोक मला माहीत आहेत.

झेरॉक्सच्या दुकानात किंवा सेतू केंद्रावर फाइल उतरवणाऱ्यांनी खासगी विंडो वापरावी. काम झाल्यावर खात्यातून बाहेर पडावे, डाउनलोड्स फोल्डरमधून आणि रिसायकल बिनमधून फाइल पुसावी. अनोळखी संगणकावर राहिलेली आधारची प्रत म्हणजे चोराच्या हाती दिलेली किल्ली.

सगळेच एकदम काढायचे असेल तर?

गूगलची ‘टेकआउट’ ही सोय २०११पासून आहे. मेल, फोटो, ड्राइव्ह, संपर्क यांपैकी हवे ते निवडायचे. गूगल त्याचे गाठोडे बांधते आणि मेलवर लिंक पाठवते. गाठोड्याचे तुकडे किती मोठे असावेत हेही ठरवता येते. पेनड्राइव्हवर घ्यायचे असेल तर २ जीबी निवडा. अनेक पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचे असतात आणि त्यांवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. फोटोंची तारीख-ठिकाण ही माहिती सोबतच्या वेगळ्या छोट्या फाइलींत येते, त्या कचरा समजून पुसू नका. आयक्लाउडमधले फोटो थेट गूगल फोटोजकडे पाठवण्याची सोय २०२१मध्ये आली, उलट दिशेची २०२४मध्ये.

आता गणित मांडू. गूगल खात्यासोबत १५ जीबी मोफत मिळतात. आयक्लाउड आणि वनड्राइव्हवर प्रत्येकी ५. समजा तुमचे १५ जीबी भरले आहेत आणि फोनवर रोज दीड जीबीचा पॅक आहे. सगळा डेटा केवळ यासाठीच वापरला, तरी उतरवायला १० दिवस लागतील. टेकआउटची लिंक चालते सुमारे ७ दिवस. रोजचा डेटा संपल्यावर ६४ केबीपीएसच्या वेगाने काम चालवायचे म्हटले, तर एका जीबीला जवळपास ३५ तास! घरी २० एमबीपीएसचे ब्रॉडबँड असलेल्याचे हेच काम पावणेदोन तासांत आटोपते. अमर्याद फाइव्ह-जी मिळणाऱ्यांनाही ते सोपे आहे. पण ज्याच्याकडे साधा पॅक आहे, त्याच्यासाठी दार उघडे असूनही बंदच.

अडथळा तांत्रिक की सोयीचा?

माझ्या मते दोन्ही. कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. क्लाउडवरून बाहेर जाणाऱ्या डेटाचा खर्च असतो, आणि खाते हॅक झाले तर एका बटणावर आख्खे आयुष्य चोराच्या हाती जाऊ नये म्हणून लिंकला मुदत लागते. हे खरे आहे. पण पैसे पाठवताना बँक ओटीपी विचारते, पुन्हा खातरजमा करते. पैसे पाठवायची सोयच अवघड करून ठेवत नाही. सुरक्षेचे उत्तर दुसऱ्यांदा ओळख पटवणे हे आहे. सात दिवस हे उत्तर नव्हे.

वर चढवताना कुणी काही विचारत नाही. नवा फोन सुरू केला की पहिल्या पाच मिनिटांत बॅकअप चालू होतो. १ जून २०२१ पूर्वी गूगल फोटोजवर ‘उच्च दर्जा’चे फोटो जागेत मोजलेच जात नव्हते, त्यानंतर मोजले जाऊ लागले. जागा भरली की दोनच वाटा समोर येतात, पैसे भरा किंवा पुसा. ‘तुमचे सामान घरी घेऊन जा’ ही तिसरी वाट कोणत्याही सूचनेत तितक्या ठळकपणे दिसत नाही. उत्साहाने घरी बोलावणाऱ्याने निघताना चपला लपवाव्यात, तसे हे आहे.

वर मुदतीही आहेत. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती आतील सामानासह काढून टाकण्याचे धोरण गूगलने मे २०२३मध्ये जाहीर केले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून ते लागू झाले. वडिलांच्या पश्चात त्यांचा फोन कपाटात ठेवणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यावे. गूगलमध्ये ‘निष्क्रिय खाते व्यवस्थापक’ आणि ॲपलमध्ये ‘वारसा संपर्क’ नेमण्याची सोय आहे. मृत्युपत्राइतकेच ते महत्त्वाचे झाले आहे.

कायदा काय म्हणतो?

युरोपीय संघाच्या माहिती संरक्षण नियमावलीने २५ मे २०१८पासून नागरिकांना आपली माहिती वापरण्याजोग्या स्वरूपात परत मागण्याचा आणि दुसरीकडे नेण्याचा हक्क दिला. आपल्याकडे निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या २०१८च्या मसुद्यात आणि २०१९च्या विधेयकातही तसा हक्क होता. मात्र २०२३मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तो उरला नाही. माहितीचा गोषवारा मागणे, दुरुस्त करणे, पुसायला लावणे, तक्रार करणे आणि वारस नेमणे हे हक्क आहेत. ‘माझे मला परत द्या’ हा नाही. मोबाइल क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते, याची आपल्याला केव्हाच सवय झाली. आठवणींच्या बाबतीत तेवढी मुभा का नसावी?

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर तीन गोष्टी लगेच होऊ शकतात. गाठोड्याच्या लिंकची मुदत निदान ३० दिवस करावी आणि अर्धवट राहिलेले डाउनलोड तिथूनच पुढे सुरू व्हावे. फोनवरही आख्खा फोल्डर एका टिचकीत उतरावा. आणि शाळा, कॉलेजे, कंपन्यांनी खाते बंद करण्याची सूचना त्याच खात्यावर न पाठवता माणसाच्या मोबाइलवर पाठवावी, तीन महिने आधी. शेवटच्या गोष्टीला तर नवे तंत्रज्ञानही लागत नाही.

आणि आपण? येत्या रविवारी एक तास काढा. परत कधीच मिळणार नाही असे काय आहे, एवढेच आधी शोधा. सगळे १५ जीबी नकोत. आईचा आवाज, बाळाची पहिली पावले, घराची कागदपत्रे. बहुतेक घरांत हे एक-दोन जीबीत मावते. ते फोनवर उतरवा, एक प्रत पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्कवर ठेवा, आणि उघडून पाहा. क्लाउडवरची प्रत पुसू नका, तीही राहू द्या.

माझ्याकडे आजीच्या चौदा ओव्यांपैकी एक उरली आहे. तेव्हा चुलत बहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवली होती आणि तिने ती फोनमध्ये सेव्ह करून ठेवली होती. बाकीच्या तेरा वर गेल्या, त्या गेल्याच.