पोरखेळ कोणाचा?

चाळिशी ओलांडलेला गृहस्थ रात्रीं जेवण आटोपल्यावर पत्त्यांचा डाव मांडून बसला, तर त्यास कोणी हंसत नाहीं. बुद्धिबळाचा पट मांडला, तर उलट त्याच्या बुद्धीची तारीफच होते. परंतु तोच गृहस्थ लहानपणीं खेळलेला एखादा व्हिडिओ गेम शोधून काढून पुन्हां खेळूं लागला, कीं 'या वयांत हा पोरखेळ शोभतो काय?' असा प्रश्न चोहोंकडून येतो. हा प्रश्न करणारांचें म्हणणें तपासून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिला आक्षेप काळाच्या अपव्ययाचा. तो खरा मानला, तर पत्त्यांस आणि पांच दिवसांच्या क्रिकेटसही तो लागू पडतो. चार आरोपींपैकीं एकास फांशी देऊन बाकीच्यांस हार घालणें हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप व्यसनाचा. त्यांत तथ्य आहे, आणि तें आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं मंजूर केलेल्या रोगांच्या वर्गीकरणांत अशा व्यसनाचा समावेश आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध आपल्या संसदेनेंही २०२५ सालीं कायदा केला. परंतु त्याच कायद्यानें पैशाचे खेळ निराळे व करमणुकीचे खेळ निराळे मानले आहेत. जो विवेक कायद्यास सुचला, तो सुशिक्षितांस सुचूं नये काय?

तिसरा आक्षेप मुख्य: प्रौढास या खेळांतून मिळण्यासारखें कांहीं नाहीं. याचें उत्तर उदाहरणानेंच द्यावें हें बरें. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणानें रचलेला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ १९८९ सालीं निघाला. साठ मिनिटांत तळघरांतून निसटून राजकन्येस सोडवावयाचें, एवढीच त्याची कथा. नायकाच्या धांवण्यांत जिवंतपणा यावा म्हणून मेकनरनें आपल्या धाकट्या भावास धांवावयास लावून त्याचें चित्रीकरण केलें, व त्यावरून चित्रें काढलीं. वाटेंत एक आरसा आडवा येतो. त्यांतून उडी घेतांच नायकाची छाया बाहेर पडते, पुढें त्याच्या कामांत विघ्नें आणते, आणि अखेर तरवार उपसून समोर उभी राहते. मुलगा वार करतो. पण छायेवर केलेला घाव त्यास स्वतःलाच लागतो! मुलास ही लबाडी वाटते, व मित्रानें सांगितलेल्या युक्तीनें तो पुढें निघून जातो. प्रौढ मात्र तेथें थबकतो. कारण तरवार म्यान करून छायेस सामोरें गेल्यावांचून ती नायकांत विलीन होत नाहीं. माणूस स्वतःच स्वतःचा वैरी होतो, हें त्यानें मधल्या वर्षांत संसारांत पुरतें अनुभविलेलें असतें. विशेष हें, कीं संगणकाच्या तुटपुंज्या स्मृतींत दुसऱ्या शत्रूचीं चित्रें मावेनात, म्हणून मेकनरनें नायकाचींच चित्रें पुन्हां वापरलीं, आणि ही छाया जन्मास आली. वृत्ताच्या बंधनामुळेंच कवीस एखादी कल्पना सुचावी, तसा हा प्रकार.

चांगला ग्रंथ दुसऱ्या वाचनांत खरा कळतो, असें आम्ही वर्गांत सांगत असतों. मग दुसऱ्या खेळण्यासच बंदी कां?

आणि खरा धोका पुढेंच आहे. परत यावयाचें, तर तो खेळ उरला पाहिजे. अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, २०१० पूर्वीं त्या देशांत निघालेल्या खेळांपैकीं ८७ टक्के खेळ बाजारांत मिळत नाहींत असें आढळलें. ग्रंथालयांनीं असे खेळ अभ्यासकांस दूर अंतरावरून खेळूं द्यावेत, ही मागणी तेथील कॉपीराइट कार्यालयानें २०२४ सालीं फेटाळली. विरोधकांस भीति ही, कीं लोक ते मौजेसाठीं खेळतील! मौजेसाठींच जन्मलेल्या वस्तूवर याहून चमत्कारिक आरोप कोणता असेल?

दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र' चित्रपटाचा आज कांहीं भागच हातीं आहे. ही वस्तु जपून ठेवण्याजोगी आहे, असें त्या काळीं फारसें कोणास वाटलें नाहीं; आज मात्र आपण हळहळतों. ज्या वस्तूस आपण हंसतों, ती जपण्याचे कष्ट कोणी घेत नाहीं. एका सबंध पिढीच्या बालपणाचा ठेवा असा हंसतां हंसतां बुडूं देणें, आमच्या मतें पोरखेळ असेल तर तो हाच.